सनदेतलं बेट

श्रीलंका आणि पर्थ यांच्यामध्ये नकाशावर रेघ ओढली, तर तिच्या साधारण मध्यावर हिंदी महासागरात काही ठिपके सापडतात. ती कोकोस किंवा कीलिंग बेटं. प्रवाळाची २७ बेटं, आणि सगळ्यांची मिळून जमीन जेमतेम १४ चौरस किलोमीटर. त्यांतल्या फक्त दोन बेटांवर माणसं राहतात. त्यांपैकी होम बेटावर मलय वंशाच्या मुसलमान कोकोसवासीयांचं एकच गाव आहे: आखीव गल्ल्या, बैठी घरं, मशीद आणि समोर प्रवाळाच्या कड्याने वेढलेलं उथळ, हिरवट निळं पाणी. या गावाच्या कडेला, पाण्याजवळ, भिंतीआड एक दुमजली पांढरं घर उभं आहे. त्याचं नाव ओशनिया हाऊस. गावातले लोक मात्र त्याला ‘रुमाह बसार’, म्हणजे मोठं घर म्हणत आले. क्लूनीज-रॉस या एकाच स्कॉटिश घराण्याच्या पाच पिढ्यांनी जवळजवळ दीडशे वर्षं या बेटांवर मालकी गाजवली. त्यांतल्या शेवटच्या तीन पिढ्यांचा कारभार याच घरातून चालला.

या घराची हकीकत मी मांडतोय ती त्याच्या ऐश्वर्यासाठी नाही. एका घराचा मालकी हक्क आणि त्या घराभोवतीच्या माणसांचे हक्क यांचा हिशोब इतक्या उघडपणे, इतक्या लहान जागेत आणि इतक्या नेमक्या कागदपत्रांसह इतिहासात क्वचितच पाहायला मिळतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या विल्यम कीलिंग या कप्तानाला ही बेटं १६०९ मध्ये दिसली, पण पुढची दोनशे वर्षं तिथे कोणी राहायला गेलं नाही. गोडं पाणी फक्त वाळू खणून मिळणारं, माती नावापुरती, आणि झाड म्हणजे नारळ. १८२५ मध्ये शेटलंडचा एक दर्यावर्दी, जॉन क्लूनीज-रॉस, इथे उतरला. त्याने विहिरी खणल्या, बेटं राहण्याजोगी आहेत हे पाहिलं आणि बायकामुलांना आणायला तो मायदेशी गेला. १८२७ मध्ये तो परत आला, तेव्हा बेटांवर दुसऱ्याच कोणाचं तरी बस्तान बसलेलं होतं.

तो दुसरा म्हणजे अलेक्झांडर हेअर. रॉसचा एके काळचा मालक. जावा इंग्रजांच्या ताब्यात असताना हेअर बोर्निओतल्या बंजरमासिनला रेसिडेंट होता आणि तिथे त्याने स्वतःचं एक खाजगी संस्थानच उभं केलं होतं. जावा डचांना परत गेल्यावर त्याचा आधार तुटला. मग तो केप ऑफ गुड होपला गेला, आणि तिथेही गुलाम बाळगणं अवघड होऊ लागल्यावर त्याने कायद्याच्या टप्प्याबाहेरची जागा शोधली. १८२६ मध्ये तो कोकोसला आला तो सुमारे शंभर माणसांसह. त्यांत मोठ्या संख्येने बायका होत्या. ही माणसं मलय होती, जावातली होती, बाली, मदुरा, बोर्निओ, आफ्रिका अशा नाना ठिकाणांहून विकत घेतलेली किंवा आणलेली होती. आज जे स्वतःला कोकोस मलय म्हणवतात, त्यांच्या पूर्वजांपैकी पुष्कळजण असे आले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांच्यापुरता हा प्रवास परतीचा नव्हता.

हेअर आणि रॉस एकमेकांशी भांडत त्याच बेटांवर राहिले. हेअरची माणसं एकेक करून त्याला सोडून रॉसकडे जाऊ लागली, कारण रॉसकडे निदान मजुरी होती आणि वागणूक बरी होती. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला हेअर बेटं सोडून गेला. मागे उरला रॉस, त्याचं कुटुंब, आणि हेअरने आणलेली माणसं.

याच काळात कोकोसला एक असा पाहुणा आला ज्याच्यामुळे बेटांचं नाव विज्ञानाच्या इतिहासात कायमचं गेलं. एप्रिल १८३६ मध्ये ‘बीगल’ जहाज बारा दिवस इथे थांबलं आणि चार्ल्स डार्विन किनाऱ्यावर उतरला. प्रवाळाची कंकणाकृती बेटं कशी बनतात याबद्दलचा त्याचा सिद्धांत त्याने इथे डोळ्यांनी तपासला. त्यावरचं त्याचं पुस्तक १८४२ मध्ये आलं. नारळ फोडून खाणारे प्रचंड खेकडे त्याने पाहिले, भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारं विहिरीचं गोडं पाणी पाहिलं. पण मला त्याच्या नोंदीतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. रॉस तेव्हा बेटावर नव्हता. डार्विनने मलय माणसांकडे बघून लिहून ठेवलं की नावाला ते स्वतंत्र आहेत, वागणूकही त्यांना वाईट मिळत नाही, पण इतर बहुतेक बाबतींत त्यांना गुलामच धरलं जातं. हे वर्ष १८३६. पुढच्या १४० वर्षांत या परिस्थितीचा तपशील बदलला, सांगाडा फारसा बदलला नाही.

३१ मार्च १८५७ रोजी ‘जुनो’ या युद्धनौकेचा कप्तान फ्रीमँटल इथे आला आणि त्याने बेटं ब्रिटिश राज्याला जोडली. त्याला जायचं होतं अंदमानजवळच्या कोको बेटांवर, आणि नावाच्या सारखेपणामुळे तो इथे पोचला, असं सर्रास सांगितलं जातं. काही असो, झेंडा लागला आणि दुसऱ्या रॉसला, जॉन जॉर्जला, बेटांचा अधिकारी नेमण्यात आलं. १८७८ मध्ये बेटं सिलोनच्या गव्हर्नरकडे गेली, १८८६ मध्ये मलाया-सिंगापूरच्या वसाहतीकडे. त्याच १८८६ साली व्हिक्टोरिया राणीच्या नावाने एक सनद निघाली. तिसऱ्या रॉसला, जॉर्जला, आणि त्याच्या वारसांना कोकोस बेटांची जमीन कायमची बहाल करण्यात आली. सार्वजनिक कामासाठी जमीन परत घेण्याचा अधिकार तेवढा सरकारने राखून ठेवला.

ही सनद नीट पाहिली पाहिजे. ती ज्या जमिनीची होती, त्या जमिनीवर तेव्हा शेकडो माणसं राहत होती. त्यांच्या दोन-तीन पिढ्या तिथे जन्मल्या, तिथेच पुरल्या गेल्या. नारळ त्यांनी लावले होते, झावळ्यांची घरं त्यांनी बांधली होती. जमीन देताना त्या कागदाला या माणसांचं नाव घ्यावंसं वाटलं नाही. त्यांचं घर ज्या वाळूवर उभं होतं ती वाळू एका दिवसात दुसऱ्याची ठरली, आणि त्यांच्या रोजच्या आयुष्यात त्या दिवशी काहीच बदललं नाही, कारण आधीही ती दुसऱ्याचीच मानली जात होती.

ओशनिया हाऊस उभं राहिलं ते या सनदेच्या सावलीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. बांधणारा तिसरा रॉस, जॉर्ज. स्कॉटलंडमध्ये शिकलेला, यंत्रांची जाण असलेला, आणि बेटाच्या कारभारात अतिशय मेहनती माणूस. १८७६ च्या चक्रीवादळाने बेटांवरची घरं आणि बागा पार उद्ध्वस्त केल्या होत्या. जॉर्जने सगळं पुन्हा उभं केलं. १८७९ मध्ये हेन्री फोर्ब्स हा निसर्गशास्त्रज्ञ तिथे राहून गेला, तेव्हा त्याला व्यवस्थित गाव, कामात गुंतलेली माणसं आणि समाधानी मालक दिसला. वादळात वाताहत झालेलं बेट इतक्या थोड्या काळात उभं करणं ही साधी गोष्ट नव्हती. जॉर्ज रॉसची कर्तबगारी नाकारण्यात काही अर्थ नाही.

पैसा मुख्यतः खोबऱ्याचा. नारळ गोळा करायचे, सोलायचे, फोडायचे, खोबरं वाळवायचं आणि जहाजांनी सिंगापूर-बटाव्हियाकडे पाठवायचं. कोकणातल्या बागाईतदाराला यातला प्रत्येक टप्पा ओळखीचा वाटेल. शिवाय ख्रिसमस बेटावर फॉस्फेटचे साठे सापडले. त्या बेटावर रॉस घराण्याने १८८८ मध्ये वस्ती केली होती. १८९१ मध्ये तिथला पट्टा जॉर्ज रॉस आणि समुद्रशास्त्रज्ञ जॉन मरे यांना मिळून दिला गेला आणि पुढे १८९७ मध्ये फॉस्फेटची कंपनी निघाली. खोबरं आणि फॉस्फेट, या दोन आधारांवर होम बेटाच्या किनाऱ्याला ते घर आलं.

घरासाठी पांढऱ्या, चकाकत्या विटा स्कॉटलंडहून जहाजाने आणल्या. हे मला नेहमी थक्क करतं. ज्या बेटावर दगड म्हणजे प्रवाळ, लाकूड म्हणजे नारळ आणि खारी हवा प्रत्येक खिळा खाते, तिथे अर्ध्या जगाचा फेरा घालून आलेली वीट. आत सागवानी लाकडाचं काम, वर जाणारा गोल जिना, मोठी दालनं, पुस्तकं, पूर्वजांच्या तसबिरी. बाहेर बाग, आणि बागेला भिंत. भिंतीपलीकडे गाव. वाऱ्यापासून झाडं वाचवायला भिंत लागतेच. पण भिंतीमुळे कोण आत आणि कोण बाहेर हेही ठरलं.

आणि तरीही आत आणि बाहेर यांचं रक्ताचं नातं होतं. दुसऱ्या रॉसची बायको स्पिया दुपोंग ही मलय. तिसऱ्या रॉसची बायको इनिन ही कोकोसचीच मलय मुलगी. म्हणजे चौथा रॉस, जॉन सिडनी, रक्ताने चारांतले तीन वाटे मलय होता. घरात इंग्रजीइतकीच मलय भाषा बोलली जायची. गावाच्या लग्नात स्कॉटिश नाच शिरला, तो आजही ईदच्या दिवसांत तिथे नाचला जातो. या माणसांना परके म्हणणं कठीण आहे. पण नात्याने मालकी वाटली गेली नाही. भिंतीबाहेरच्या मामेभावाला सनदेत वाटा नव्हता.

इथे मला आपल्या कोकणातली खोती आठवल्याशिवाय राहत नाही. गावातच राहणारा, गावाच्या लग्नाकार्यात उभा असणारा, अडीअडचणीला धान्य देणारा खोत, आणि त्याच्या अंगणात वेठीला येणारं कूळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १९४९ च्या कायद्याने ती पद्धत मोडली. कोकोसमध्ये मात्र खोताच्याही पलीकडची एक गोष्ट होती: तिथे चलन मालकाचं होतं.

त्या चलनाचं नाव रुपया. जॉर्ज रॉसच्या काळात मेंढीच्या कातड्याच्या नोटा निघाल्या, नंतर हस्तिदंती रंगाची टोकनं आली आणि पुढे प्लास्टिकची. मजुरी त्यांत मिळायची, आणि ती चालायची फक्त मालकाच्या दुकानात. बेटाबाहेर त्या रुपयाची किंमत शून्य. म्हणजे माणूस कितीही कष्टला, कितीही साठवलं, तरी बेटाबाहेर जाण्याचं भाडं त्या पैशांतून उभं राहत नव्हतं. आणि गेलाच, तर परत येता यायचं नाही, हा मालकाचा नियम. घर मिळायचं, औषध मिळायचं, काम प्रत्येकाला असायचं, म्हातारपणीही कोणी उपाशी राहत नव्हतं. हे सगळं खरं आहे आणि रॉस घराण्याच्या बाजूने बोलणारे ते आवर्जून सांगतात. पण बाहेरचं जग पाहून घरी परतण्याची मुभा ज्या गावात नाही, त्या गावातल्या सुखाची किंमत मोजायला आपण फार सावध असावं असं मला वाटतं.

बाहेरून येणाऱ्यांना अर्थातच ते घर अतिशय आदरातिथ्याचं वाटलं. शिडाच्या लहानशा होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जोशुआ स्लोकम १८९७ मध्ये कोकोसला थांबला. होडीतला निरुपयोगी सिमेंटचा भार त्याने काढून टाकला आणि त्या जागी इथले प्रचंड शिंपले भरले, पुढे विकता येतील म्हणून. १९०५ च्या सुमाराला फ्रेडरिक वूड जोन्स नावाचा तरुण डॉक्टर तारकेंद्राचा वैद्य म्हणून आला. प्रवाळांवर त्याने केलेल्या निरीक्षणांचं पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झालं, आणि जॉर्ज रॉसच्या गर्ट्रूड या मुलीशी त्याने लग्न केलं. १९०९ च्या नोव्हेंबरात आणखी एका वादळाने बेटावरच्या नारळबागा झोपवल्या. पुढच्याच वर्षी जॉर्ज रॉस वारला.

तारकेंद्र म्हणजे होम बेटाशेजारच्या डिरेक्शन बेटावर १९०१ मध्ये उभारलेलं समुद्री तारांचं ठाणं. ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि जावा यांना जोडणाऱ्या तारा तिथे एकत्र यायच्या. त्यामुळे पहिल्या महायुद्धात हे एवढंसं ठिकाण शत्रूच्या डोळ्यावर आलं. सप्टेंबर १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागून सगळ्या हिंदुस्थानला हादरवणारी जर्मन नौका ‘एमडेन’ ९ नोव्हेंबरच्या सकाळी इथे आली. कप्तान फॉन म्यूलरने तारा तोडायला पन्नास माणसांची तुकडी किनाऱ्यावर उतरवली. ठाण्यातल्या लोकांनी त्याआधीच अनोळखी जहाज आल्याचा संदेश धाडला होता. जवळूनच चाललेल्या ताफ्यातली ऑस्ट्रेलियन नौका ‘सिडनी’ धावून आली. दोन तासांच्या आत ‘एमडेन’ उत्तर कीलिंग बेटाच्या कड्यावर चढवावी लागली. जर्मनांची १३४ माणसं मेली.

किनाऱ्यावर अडकलेल्या तुकडीचा म्होरक्या हेल्मुथ फॉन म्यूके याने तेव्हा लगूनमध्ये नांगरलेल्या एका जुन्या शिडाच्या जहाजाकडे पाहिलं. ‘आयेशा’, ९७ टनांचं, मालक रॉस घराणं. खोबरं वाहणारं हे जहाज त्याने संध्याकाळपर्यंत ताब्यात घेतलं आणि पन्नास माणसांना घेऊन तो सुमात्रातल्या पडांगकडे निघून गेला. पुढे त्यांनी ‘आयेशा’ बुडवली, दुसऱ्या जहाजाने अरबस्तान गाठलं आणि तिथून खुष्कीने, लढत लढत, ते मायदेशी पोचले. घराण्याच्या मालमत्तेतली एवढी एकच वस्तू अशी निघाली, जिने कोकोसहून निघून जगाच्या इतिहासात स्वतःचं पान मिळवलं.

दुसरं महायुद्ध इतकं नाट्यमय नव्हतं, पण फार जास्त बोचरं होतं. मे १९४२ मध्ये हॉर्सबर्ग बेटावरच्या तोफखान्यातल्या सिलोनी सैनिकांनी ब्रिटिशांविरुद्ध बंड केलं. ते फसलं आणि तिघांना फाशी झाली. १९४४ मध्ये होम बेटावर जपानी बाँब पडले. त्याच वर्षी चौथा रॉस वारला. पश्चिम बेटावरचे नारळ तोडून विमानतळाची धावपट्टी झाली. युद्धकाळात बाहेरची माणसं मोठ्या संख्येने आली, गेली. कोकोसवासीयांनी पहिल्यांदाच दुसऱ्या प्रकारची मजुरी, दुसऱ्या प्रकारचं बोलणं पाहिलं. १९४७ मध्ये पाचवा रॉस, जॉन सेसिल, ऐन विशीच्या उंबरठ्यावर घराण्याचा वारस म्हणून परतला, तेव्हा बेटांवर माणसं फार झाली होती आणि खोबऱ्याचा धंदा तेवढ्यांना पोसू शकत नव्हता. पुढच्या चार-पाच वर्षांत बहुतेक गाव उठलं. उत्तर बोर्निओ, म्हणजे आजचं मलेशियातलं साबा, सिंगापूर आणि ख्रिसमस बेट इथे ही कुटुंबं गेली. साबातल्या तावाऊ भागात आजही कोकोसवासीयांची वस्ती आहे. कुटुंबं फुटली. मागे राहिले काही शे, आणि गेलेल्यांचा गावावरचा हक्क संपला.

१९५४ च्या एप्रिलमध्ये एलिझाबेथ राणी ऑस्ट्रेलियाचा दौरा संपवून परतताना कोकोसला उतरली. तिच्या पणजोबांच्या आईने दिलेल्या सनदेवर उभ्या असलेल्या बेटावर सहावीसातवी पिढी नारळ सोलत होती. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९५५ मध्ये, सिंगापूरकडून बेटं ऑस्ट्रेलियाकडे आली. अधिकारी पश्चिम बेटावर बसले, जिथे विमानं उतरायची. होम बेटावर मात्र पूर्वीसारखाच रॉसचा शब्द चालायचा. अनवाणी फिरणारा पाचवा रॉस अधिकाऱ्यांशी सौजन्याने वागे, आणि आपल्या हद्दीत त्यांना फार येऊ देत नसे.

ही व्यवस्था मोडायला सुरुवात झाली ती बाहेरून. ज्यांच्यावर दुसऱ्यांची सत्ता आहे अशा प्रदेशांची यादी संयुक्त राष्ट्रसंघ ठेवत असे, आणि त्या यादीत कोकोस होतं. ऑगस्ट १९७४ मध्ये संघाचं एक मंडळ प्रत्यक्ष बेटांवर जाऊन आलं. प्लास्टिकचा रुपया, परत न येण्याचा नियम, शाळेची दशा, हे सगळं आता जगाच्या टेबलावर आलं. ऑस्ट्रेलियाला याची लाज वाटली, हे उघड आहे; आणि वीस वर्षं आपल्याच राज्यात हे चालू असताना ती वाटली नव्हती, हेही तितकंच उघड आहे.

बरीच घासाघीस आणि जबरीने जमीन घेण्याच्या धमक्या झाल्यावर ३१ ऑगस्ट १९७८ रोजी व्यवहार झाला. ६२ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन सरकारने कोकोस बेटांवरची रॉस घराण्याची सगळी जमीन विकत घेतली. सगळी, एक तुकडा वगळून. ओशनिया हाऊस आणि भिंतीआतली बाग, सुमारे ५ हेक्टर, घराण्याकडेच राहिली. ऑस्ट्रेलियाचं चलन आलं, ग्रामपरिषद आली, सहकारी संस्था आली. गावाला आता मत होतं, पण मोठं घर होतं तिथेच होतं आणि त्यात मालक राहत होता.

यानंतरचं वर्ष १९८४. या इतिहासातलं मला सगळ्यात अर्थपूर्ण वाटणारं. ६ एप्रिलला संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली कोकोसवासीयांनी मतदान केलं: स्वातंत्र्य, ऑस्ट्रेलियाशी मोकळा संबंध, की पूर्ण विलीनीकरण. २६१ मतदारांपैकी २२९ जणांनी विलीनीकरण निवडलं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना कोणी कधी काही विचारलं नव्हतं, त्यांनी पहिल्यांदा आपल्या बेटाचं काय करायचं ते सांगितलं. जमीन परिषदेच्या हाती विश्वस्त म्हणून दिली गेली, बेटावरच्या लोकांच्या हितासाठी.

त्याच वेळी ऑस्ट्रेलियाचं सरकार रॉसला घराबाहेर काढण्याच्या मागे होतं. तो गावात असेपर्यंत गावाचा जुना धाक जाणार नाही, असं सरकारचं म्हणणं. म्हणून जमीन संपादनाच्या कायद्याखाली ओशनिया हाऊस घेण्याचं ठरलं. रॉस न्यायालयात गेला. ऑक्टोबर १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च दर्जाच्या हायकोर्टाने बहुमताने निकाल दिला: सार्वजनिक कामासाठी जमीन हवी असेल तर सरकार घेऊ शकतं, पण केवळ मालकाला तिथून उठवण्यासाठी ती घेता येणार नाही. रॉस जिंकला.

तो निकाल कायद्याच्या दृष्टीने बरोबर होता असंच मला वाटतं. नको असलेल्या माणसाला हुसकायला जमिनीचा कायदा वापरू देणं कोणत्याही देशात धोक्याचं आहे. आपल्याकडेही ते लोकांना ठाऊक आहे. पण एका गोष्टीची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. एका माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्या घरातून काढू नये, हे तत्त्व या बेटावर पहिल्यांदा इतक्या ठामपणे उच्चारलं गेलं ते मोठ्या घराच्या मालकासाठी. बोर्निओला गेलेली आणि परत येऊ न शकलेली शेकडो माणसं हेच तत्त्व घेऊन कुठल्या न्यायालयात गेली असती? त्यांच्याकडे कागद नव्हता. रॉसकडे होता, आणि कागदाच्या वारसाला कायद्याने वाचवलं.

न्यायालयात हरलेल्या सरकारने दुसरा रस्ता धरला. रॉसच्या जहाज कंपनीला सरकारी काम देऊ नये, असा आदेश निघाला. बेटांवर सरकारी कामाशिवाय दुसरं मोठं काम नव्हतंच. खोबऱ्याचा धंदाही १९८० च्या दशकात संपला. घराण्याचं दिवाळं निघालं, पाचवा रॉस पर्थला राहायला गेला, आणि घर घराण्याच्या हातून गेलं. जे काम न्यायालयाने कायद्याने करू दिलं नाही, ते सरकारने कंत्राट अडवून केलं. रॉसविषयी मनात कितीही कडवटपणा असला, तरी हा मार्ग मला पटत नाही. जॉन सेसिल २०२१ मध्ये पर्थला वारला. घराण्यातले काहीजण कोकोसला अजूनही राहतात, पण आता इतर रहिवाशांसारखे. ओशनिया हाऊसला २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ‘कॉमनवेल्थ हेरिटेज लिस्ट’ या वारसा यादीत जागा मिळाली.

आज होम बेटावर साडेचारशेच्या आसपास माणसं राहतात. मुलं शाळा आणि कामासाठी पर्थकडे जातात, सणाला परततात, आणि परतण्यासाठी आता कोणाला विचारावं लागत नाही. ईदला ‘जुकुंग’ या पारंपरिक शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात. तावाऊच्या नातेवाइकांशी येणंजाणं आहे. गावातल्या वयस्कर माणसांना प्लास्टिकच्या रुपयाने केलेला बाजार आठवतो. रॉसच्या काळाबद्दल त्यांची मतं एकसारखी नाहीत, आणि ती एकसारखी असावीत अशी अपेक्षाही आपण करू नये.

आता प्रश्न पाण्याचा आहे. होम बेटाची जमीन समुद्रापासून जेमतेम दोन-चार मीटर उंच. भरतीच्या मोठ्या दिवसांत, वारं पाण्याला ढकलतं तेव्हा, रस्त्यापर्यंत समुद्र येतो. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने चर्चेसाठी मांडलेल्या किनारासंरक्षणाच्या मसुद्यात असं सुचवलं गेलं की बेटाभोवती भिंती बांधत राहणं खर्चात बसणारं नाही, आणि पुढच्या काही दशकांत लोकांना टप्प्याटप्प्याने दुसरीकडे हलवण्याचा विचार करावा. गावाने याला तीव्र विरोध केला. बेटावरची जमीन आता गावकऱ्यांच्याच हितासाठी परिषदेच्या नावावर आहे, आणि ती सोडायची की राखायची, हा वाद ते आता स्वतःच्या नावाने, स्वतःच्या परिषदेतून लढत आहेत.